चावी नसलेलं मशीन

लोक व्यायाम सोडतात, पण व्यायामाची मशीनं सोडत नाहीत. आमच्या धंद्यात मी हे पहिल्यांदा शिकले. मशीन आधी हॉलमध्ये असतं, मग आतल्या खोलीत जातं, मग त्यावर टॉवेल वाळत पडतात, आणि घरातली माणसं त्याला अडखळून अडखळून वैतागली की त्याची रवानगी भाड्याच्या गाळ्यात होते. गाळा म्हणजे शहराबाहेरच्या गोदामातली, शटर लावलेली एक खोली. माणूस तिचं भाडं भरत राहतो आणि पुढच्या महिन्यापासून पळायला लागायचं असं मनाला बजावत राहतो. नव्याचे नऊ दिवस कधी सरले ते त्याचं त्यालाच आठवत नसतं. एक दिवस भाडं थकतं, गोदामवाला कुलूप तोडतो आणि आतला माल लिलावात विकून टाकतो. बोली लावणारे आम्ही.

माल घरी आला की त्याचे दोन भाग व्हायचे. चालणारं मशीन पुढच्या खोलीत, म्हणजे आमच्या दुकानात. न चालणारं मागच्या अंगणात कापायला. पण न चालणाऱ्या मशीनलाही आमचे हे सहजासहजी कटर लावू देत नसत. एकाची मोटर काढ, दुसऱ्याचा पट्टा घे, तिसऱ्याची वायर जोड, असं करून मेलेलं मशीन उठवायचे. म्हणून बाजारात ह्यांना सगळे वैद्यबुवा म्हणायचे. ह्यांना ते आवडायचं. माझ्या तापावर साधी गोळी आणायचं लक्षात राहायचं नाही, पण मशीनची नाडी बरोबर सापडायची.

चालायच्या मशीनला, म्हणजे ट्रेडमिलला, एक चावी असते. कुलपाच्या चावीसारखी नाही. लाल प्लास्टिकचा एक तुकडा, त्याच्या आत लोहचुंबक, त्याला एक दोरी आणि दोरीच्या टोकाला चिमटा. चिमटा अंगातल्या कपड्याला लावायचा. चालता चालता माणूस पडला, तर दोरी ओढली जाते, चावी निघते आणि पट्टा जागच्या जागी थांबतो. चावी जागेवर नसेल तर मशीन सुरूच होत नाही. गाळ्यातून येणाऱ्या मशीनला ही चावी कधीच नसते. ती कुठल्यातरी ड्रॉवरमध्ये, नाहीतर कधीच केरात गेलेली असते.

सुरुवातीला हे नवी चावी आणून लावायचे. मग गिऱ्हाइकांचे फोन यायला लागले, मशीन बंद पडलं म्हणून. हे हत्यारांची पेटी उचलून शहराच्या दुसऱ्या टोकाला जायचे, आणि चावी त्यांच्या सोफ्याखाली निघायची. असं पुन्हा पुन्हा झाल्यावर वैद्यबुवांनी रामबाण उपाय काढला. मशीनचं डोकं, म्हणजे पुढचा बटणांचा डबा, उघडायचं आणि चावीच्या जागी, आतल्या बाजूने, एक लोहचुंबक कायमचा चिकटवून टाकायचा. चावी हरवायला नको, फोन यायला नको.

"मग कंपनीवाले चावी देतात कशाला?" मी एकदा विचारलं.

"कंपनीवाले भित्रे असतात गं. त्यांना कोर्टाची भीती."

फोन यायचे थांबले, एवढं मात्र खरं.

आप्पा, म्हणजे माझे सासरे, आयुष्यभर बस चालवून घरी बसलेले. अर्धांगाचा झटका येऊन त्यांची डावी बाजू लुळी पडली, तेव्हा दवाखान्यातल्या बाईंनी सांगितलं की रोज चाललं तरच पाय परत येईल. आमच्या घरासमोर मोठा रस्ता. ट्रक असे जातात की धडधाकट माणसानेही भिंत धरून चालावं. मग ह्यांनी आप्पांसाठी मशीन बनवायला घेतलं. एखाद्या मुलाने बापासाठी इतकं मन लावून काही केलेलं मी तरी पाहिलं नाही. मोटर सगळ्यात शांत असलेली निवडली. पट्टा कोरा करकरीत आणला. दांड्याला जुन्या सायकलीची रबरी पट्टी गुंडाळली, आप्पांचा हात घसरू नये म्हणून. आणि डोकं उघडून आत लोहचुंबक चिकटवला, नेहमीसारखा. हातालाच तशी सवय झाली होती, त्यात विचार करण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

मशीन मागच्या खोलीत बसवलं. तिथल्या खिडकीतून बोळापलीकडचा रस्ता दिसायचा, आप्पांना तो हवा होता, म्हणून तोंड खिडकीकडे केलं. खोली अरुंद, त्यामुळे मशीनची पाठ भिंतीजवळ आली. मध्ये जेमतेम एक माणूस आडवा सरकेल एवढी जागा.

"सूनबाई," आप्पा चालता चालता म्हणायचे, "आयुष्यभर बसून राहिलो तर लोकांना कुठल्या कुठं पोचवलं. आता दिवसभर चालतोय, तर खिडकीशी पण पोचत नाही."

"मग ब्रेक दाबा आणि जेवायला या."

"ब्रेक तुझ्या नवऱ्याच्या हातात आहे बाई. मी नुसता पॅसेंजर."

डावा पाय फरपटायचा थांबला होता. पुढच्या महिन्यात काठी टाकून देईन असं ते येईल त्याला सांगत होते.

त्या दुपारी हे अंगणात एका मोठ्या सांगाड्याला कटर लावून बसले होते. कटर चालू असला की आमच्या घरात शेजारी बसलेल्या माणसाचंही बोलणं ऐकू येत नाही. मी दुकानात वजनांवरचा गंज घासत होते. कटर थांबला तेव्हा मला मागच्या खोलीतून पट्ट्याचा आवाज आला. पट्टा रिकामा चालतो तेव्हा एक आवाज असतो, वर माणूस असतो तेव्हा दुसरा. हा त्या दोन्हींतला नव्हता. मी हातातलं टाकून धावले.

आप्पा पट्टा आणि भिंत यांच्यामध्ये पडले होते. पट्टा चालूच होता आणि त्यांच्या गालाखालून, हाताखालून जात होता. मी भिंतीतली विजेची पिन खेचली. नंतर मी काय ओरडले ते मला माहीत नाही, पण हे कटरसाठी घातलेला चष्मा तसाच ठेवून आत आले.

दवाखान्यात डॉक्टर म्हणाले की हृदय बंद पडलं. ह्यांनी विचारलं, "आधी हृदय बंद पडलं आणि मग पडले ना?" डॉक्टर तरुण होते, थकलेले होते. ते म्हणाले, आधी काय झालं ते आता सांगता येणार नाही, पण तसं असू शकतं. ह्यांनी त्यातलं "तसं असू शकतं" तेवढं उचललं आणि छातीशी धरलं.

आप्पांना घरी न्यायच्या आधी नर्सने मला ओलं फडकं दिलं. "तोंड आणि हात पुसून घ्या," म्हणाली. मी आधी गाल पुसला, तो कसा होता ते मला सांगायचं नाही. मग त्यांचा उजवा हात हातात घेतला, त्यांचा चांगला हात. नखं तुटली होती. आणि उरलेल्या नखांत काळं रबर भरलं होतं, पट्ट्याचं. मी ते फडक्याच्या कोपऱ्याने काढायला गेले तर निघेना, इतकं खोल गेलं होतं. मेलेला माणूस पट्टा ओरबाडत नाही. आप्पा पडले तेव्हा जिवंत होते, शुद्धीवर होते, आणि त्या पट्ट्याला थांबवायला बघत होते. हाका मारल्याच असतील. मी मान वर केली तर दारातून हे दिसले, बाकावर, दोन्ही हात मांड्यांवर ठेवून शाळेतल्या मुलासारखे बसलेले. मी आप्पांचा हात चादरीखाली सरकवला आणि गप्प बसले. म्हटलं, झाकली मूठ सव्वा लाखाची. जाणारा गेला, राहिलेल्याला तरी जगू दे.

पण मूठ झाकून ठेवली की तिच्या आत काय वाढतं ते दिसत नाही.

कामाला परत लागल्यावर हे पहिल्यासारखे नव्हते. पूर्वी लोहचुंबक चिकटवायचे ते सवयीने. आता हट्टाने चिकटवायला लागले. एखाद्या मशीनला चावी आलीच, तर ती काढून टाकायचे आणि आत लोहचुंबक लावायचे. मी बाजारातून नव्या चाव्या आणून ह्यांच्या टेबलावर ठेवल्या. त्या तशाच धूळ खात पडल्या. एक दिवस न राहवून मी म्हटलं, "पाठवताना चावी लावून पाठवत जा ना. आपलं काय जातंय?"

"कशाला?"

"म्हणजे, कुणी पडलं बिडलं तर."

ह्यांनी पेचकस खाली ठेवला. "चावी असती तर आप्पा वाचले असते, असं म्हणायचंय का तुला?"

"मी तसं कुठं म्हटलं?"

"हृदय बंद पडलं त्यांचं. पडायच्या आधीच. डॉक्टरांनी सांगितलंय. मशीनचा काही संबंध नाही." आणि परत पेचकस उचलला.

तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. ह्या माणसाने एका जरी मशीनला चावी लावली, तरी त्याचा अर्थ एकच होणार होता. म्हणून हे लावणार नव्हते. प्रत्येक गिऱ्हाइकाच्या घरी चावीशिवाय मशीन पाठवून हे स्वतःला सांगत होते की मी बापाला मारलं नाही. आणि ती मशीनं कुणाच्या घरी जात होती? धावायचा शौक असणारी तरुण पोरं जुनं मशीन घेत नाहीत. आमच्याकडे यायचे ते गुडघे बदललेले, झटक्यातून उठलेले, डॉक्टरने चालायला सांगितलेले. म्हणतात ना, म्हातारी मेल्याचं दुःख नाही, पण काळ सोकावतो. मला दुकानात येणाऱ्या प्रत्येक म्हाताऱ्या माणसाची भीती वाटायला लागली. मी पाय दुखतात म्हणून सांगून आत निघून जायची. सौदा झाला की नाही ते टेम्पोच्या आवाजावरून कळायचं. फार राग यायचा मला, ह्यांचा आणि त्याहून जास्त माझा, आणि तरी संध्याकाळी ह्यांच्या पुढ्यात ताट ठेवताना माझी जीभ उचलायची नाही. ह्यांचं वजन उतरलं होतं. झोपेत हात हलायचे. त्या माणसाला कसं सांगायचं?

मग एक दिवस सकाळी दुकान झाडायला गेले तर रांगेत आप्पांचं मशीन उभं होतं. पुसून लख्ख केलेलं. दांड्यावरची रबरी पट्टी काढून टाकलेली. पट्ट्यावर जिथं ओरखडे होते तिथं काळा रंग मारलेला.

"हे कशाला आणलंत इथं?"

"चांगलं मशीन आहे. नुसतं पडून राहून खराब होईल."

"कापा ते."

"चालतं मशीन कुणी कापतं का? वेड लागलंय का तुला?" असं म्हणून त्यांनी त्यावर किमतीची चिठ्ठी लावली.

मला वाटलं होतं की ते कुणी घेणार नाही. का वाटलं होतं कुणास ठाऊक. मशीनवर थोडंच लिहिलेलं असतं? त्याच आठवड्यात एक बाई आपल्या सासूला घेऊन आली. सासू गोलमटोल, बोलघेवडी, एका गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेली. दारातूनच म्हणाली, "मला काही सुंदरी व्हायचं नाही हं. गुडघा तेवढा वाकता झाला पाहिजे. जिना चढून गच्चीवर जायचंय एकदा मरायच्या आधी."

"आई, काहीही बोलता," सून हसली.

मी नेहमीप्रमाणे आत निघाले होते. ह्यांचं बोलणं कानावर पडत होतं. मावशी, तुमच्यासाठी हेच बघा. मोटर एकदम शांत. पट्टा नवा. माझ्या वडिलांसाठी बनवलं होतं. ह्यांनी "बनवलं होतं" म्हटलं आणि पुढचं काही म्हटलं नाही. मी वळून बघितलं तर मावशी चपला काढून, सुनेच्या खांद्याला धरून, मशीनवर चढत होत्या.

ह्यांनी बटण दाबलं. पट्टा हलला. मावशी "अगं बाई" म्हणून दांड्याला लटकल्या आणि मग चालायला लागल्या, एक पाय जोरात, एक पाय जपून.

"जमतंय की!"

"बघा," हे म्हणाले. "लोण्यासारखं चालतं."

"अजून जरा जोरात करा हो, मुंगीसुद्धा पुढे गेली माझ्या."

ह्यांनी वेग वाढवला. मावशींचा जपून टाकलेला पाय जरा मागे राहिला, मग परत जागेवर आला. त्यांच्या मागे आमच्या दुकानाची भिंत होती. मी कधी पोचले ते कळलं नाही. मी पिन खेचली. पट्टा थांबला, मावशी पुढे झुकल्या आणि दांड्यावर टेकल्या.

"उतरा मावशी. हे मशीन तुमच्यासाठी नाही."

"का? काय झालं?"

"ह्याला थांबवायची चावी नाही. माणूस पडला तरी पट्टा थांबत नाही. कापायचं मशीन आहे हे."

"काय बोलतेस तू?" हे पुढे आले. मग त्या बाईला म्हणाले, "लक्ष देऊ नका. आमच्या घरात एक दुःखाची गोष्ट घडली, तेव्हापासून हिच्या मनाने घेतलंय. माझे वडील ह्यावर चालत होते, हृदय बंद पडून गेले. मशीनचा काही संबंध नाही. डॉक्टरांनी..."

"त्यांच्या नखांत रबर होतं," मी म्हणाले.

हे माझ्याकडे वळले.

"उजव्या हाताच्या. सगळ्या नखांत. नखं तुटली होती. मी पुसायला गेले तर निघत नव्हतं. ते पट्टा धरायला बघत होते, अहो. ते जिवंत होते तेव्हा."

मावशींनी दांडा सोडला आणि सुनेचा हात धरून खाली उतरल्या. चपला पायात सरकवायला गेल्या तर त्या सापडेनात, सुनेने वाकून पुढे केल्या. दोघी दारापर्यंत गेल्या. मावशी उंबऱ्याशी वळल्या, ह्यांच्याकडे बघितलं आणि निघून गेल्या.

हे मशीनच्या कडेशी खाली बसले. पट्ट्यावरचा काळा रंग ह्यांनी अंगठ्याने घासून बघितला. मला वाटलं, हे उठून मला मारतील. आयुष्यात कधी हात उगारला नव्हता, पण त्या क्षणी मारलं असतं तर मी हूं की चूं केलं नसतं. ते रडले असते तर मला बरं वाटलं असतं. त्यांनी दोन्हींतलं काहीच केलं नाही.

"हाक मारली असेल त्यांनी," ते म्हणाले.

"हो."

"मी बाहेरच होतो की."

"कटर चालू होता."

"ते ठाऊक आहे मला." मग म्हणाले, "तू तेव्हाच का नाही सांगितलंस?"

"तुम्ही जगावं म्हणून."

ह्यांनी मान हलवली, पटल्यासारखी नाही, ऐकल्यासारखी. मग उठून पेचकस आणला आणि मशीनचं डोकं उघडलं. लोहचुंबक निघता निघत नव्हता. ह्यांचं काम पक्कं असतं. शेवटी छिन्नी लावून तो फोडून काढला तेव्हा ह्यांच्या बोटातून रक्त आलं. मी फडकं द्यायला गेले तर हात झिडकारला नाही, पण घेतलंही नाही.

"किती घरांत गेली असतील गं?"

मला मोजायचं नव्हतं.

ह्यांनी खिशातून मोबाईल काढला आणि तिथंच जमिनीवर बसून फोन लावायला सुरुवात केली. गिऱ्हाइकांचे नंबर ह्यांच्याकडे "गुडघेवाल्या काकू", "पुलाजवळचा" अशाच नावांनी होते. "नमस्कार, वैद्यबुवा बोलतोय. ते चालायचं मशीन दिलं होतं ना, ते वापरू नका. मी येऊन चावी लावतो. नाही, नाही, पैसे नकोत. पण तोवर त्यावर कुणी चढू नका." प्रत्येकाला तेच. कुणी बरं म्हणालं. कुणी रागावलं, एवढे दिवस झोपला होतात का, म्हणालं. एकजण खो खो हसला. "अहो, आणल्यापासून कुणी पाय ठेवला नाही त्यावर. चादरी वाळत घालतो. या सावकाश." हे त्या माणसाला "फार उपकार झाले" म्हणाले, आणि ते अगदी मनापासून म्हणाले.

मी मध्ये पाण्याचा तांब्या आणून ठेवला. ह्यांनी बघितलं नाही. बोटातलं रक्त मोबाईलवर लागलं होतं. पुढचा नंबर, मग त्याच्या पुढचा. माझ्या मनात आलं, आता निदान हे काम तरी पुरं होईल. हळूहळू सगळ्या घरी जाऊन येऊ. मीही जाईन बरोबर, पेटी उचलायला.

मग एक फोन लागला तेव्हा ह्यांचा आवाज बदलला.

"विकलं? कधी?" हे म्हणाले. "कुणाला?"

पलीकडचा काहीतरी बोलत होता. मोबाईलचा आवाज मोठा होता, मला तुकडे ऐकू येत होते. नाव नाही विचारलं. जाहिरात टाकली होती, एक म्हातारे गृहस्थ आले, रोख दिले, टेम्पोत घालून नेलं. बायकोला झटका आलाय म्हणत होते.

"नंबर असेल ना त्यांचा? जाहिरात बघून फोन केला असेल ना?"

नव्हता. नंबर जुन्या फोनमध्ये होता, तो फोन बिघडला.

"मग टेम्पो? टेम्पो कुणाचा होता? कुठल्या बाजूला गेला? काहीतरी बोलले असतील हो ते, कुठं राहतो वगैरे. आठवा जरा. मी वाट बघतो."

पलीकडचा माणूस वैतागला असावा. जुन्या मालाचं असंच असतं, एकदा दाराबाहेर गेला की त्याचा पत्ता पुसला जातो. हे आमच्याइतकं कुणाला ठाऊक? त्याने फोन ठेवल्याचं मला इथून कळलं. ह्यांना कळलं नाही, किंवा कळून घ्यायचं नव्हतं. मोबाईल कानाला तसाच दाबून, दुसऱ्या हाताने पट्ट्याची कड घट्ट धरून, हे त्या रिकाम्या फोनला विचारत राहिले, "कसे दिसत होते ते म्हातारे? घरात दुसरं कुणी आहे का त्यांच्या? ती पडली तर तिची हाक ऐकायला कुणी आहे का?"